हलवता येणारं पार्टिशन : आधी घडीची जागा ठरवा, मग माप घ्या

सासूबाईंचा खुबा मोडला तेव्हा त्यांची कॉट बाहेरच्या खोलीत आणावी लागली, कारण आतल्या खोलीच्या दारातून वॉकर जात नव्हता. कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतलं आमचं घर तसं लहान. बाहेरची १० बाय १६ ची खोली, मधली छोटी खोली आणि मागं स्वयंपाकघर. टीव्ही बाहेरच्या खोलीत, येणारे-जाणारे तिथंच, मुलाचा अभ्यासही तिथंच. चार-पाच दिवसांनी माझ्या लक्षात आलं की सकाळी अंग पुसायला गेलं की सासूबाई "आत्ता नको" म्हणतात आणि दुपारी आपणहून हाक मारतात. दुपारी घरात फक्त मी असायची. पातळ बदलण्यासाठीही त्या घर रिकामं व्हायची वाट बघत होत्या, तोंडानं मात्र एक शब्द काढला नव्हता.

मी त्याच आठवड्यात घाईघाईनं एका दुकानातून तीन पॅनलचं तयार घडीचं पार्टिशन आणलं. नक्षीदार जाळीचं, दिसायला सुरेख. घरी उभं केल्यावर कळलं की त्या जाळीतून पलीकडचं सगळं दिसतं. तिसऱ्या रात्री पंखा जोरात होता आणि ते कॉटच्या पायथ्याशी आडवं झालं. वीतभर अलीकडे पडलं असतं तर सासूबाईंच्या पायावर आलं असतं.

त्या रात्रीनंतर मी हा विषय नीट समजून घेतला. सुतारमामांना विचारलं, लोखंडी काम करणाऱ्या फॅब्रिकेटरच्या शेडमध्ये उभी राहिले, ओळखीच्या घरांत माप घ्यायला मदतीला गेले. कुणाच्या घरी बाळंतीण आलेली, कुणाचा पुतण्या गारगोटीहून शिकायला आलेला, कुणाला घरातच ट्यूशन घ्यायचं. पहिल्यांदाच पार्टिशन घेणाऱ्यानं काय क्रमानं विचार करावा ते इथं लिहिते.

अडवायचं काय आहे?

आपल्याकडं लग्नात अंतरपाट धरतात. हलवता येणारा आडपडदा म्हणून त्याच्याकडे बघा. वधूवरांची नजर तो पक्की अडवतो, पण मंगलाष्टकं दोघांनाही स्वच्छ ऐकू येतात. पार्टिशन निवडताना हीच गोष्ट डोक्यात ठेवायची. नजर, आवाज, उजेड आणि वारा या चार वेगवेगळ्या गोष्टी आहेत, आणि एकच वस्तू चारही अडवेल असं सहसा होत नाही. उलट बऱ्याचदा आपल्याला नजर अडवून वारा आणि उजेड येऊ द्यायचा असतो.

नजर अडवणं सगळ्यात सोपं, साधं कापडही ते करतं. पण दिवसा जे कापड दाट वाटतं त्यातून रात्री आतला दिवा लागला की माणसाची सावली स्पष्ट दिसते. म्हणून दुकानातच कापडाच्या मागं हात धरा, हाताच्या मागून मोबाइलची बॅटरी लावा आणि समोरून बघा. बोटं मोजता आली तर ते कापड कपडे बदलायच्या जागेसाठी नको.

आवाजाबद्दल लोकांची सर्वात जास्त निराशा होते, म्हणून स्पष्ट सांगते. छताला न भिडणारं कोणतंही पार्टिशन बोलणं थांबवत नाही, आवाज वरून आणि कडेच्या फटीतून येतोच. आवाज अडवायला वजन लागतं आणि फटी बंद असाव्या लागतात. जाड पडदा, गादी, पुस्तकं यांनी खोलीतला घुमणारा आवाज कमी होतो, त्यामुळे जरा शांत वाटतं, पण पलीकडचा टीव्ही ऐकू यायचा तो येतोच. मुलाच्या अभ्यासासाठी शांतताच हवी असेल तर पार्टिशनवर जास्त पैसे घालण्याऐवजी टीव्हीची जागा बदला. मी दोन घरांत हेच करायला लावलं आणि दोन्हीकडं साध्या पडद्यावर भागलं.

उजेडाचं म्हणाल तर कोल्हापूरच्या माणसाला ते वेगळं सांगायला नको. अंबाबाईच्या किरणोत्सवात मावळतीची किरणं महाद्वारातून आत येतात, आणि वाटेत एखादं बांधकाम आडवं आलं तर काय होतं याची चर्चा आपण दर वर्षी ऐकतो. घरातही तसंच आहे. पेठेतल्या घरांना बहुधा पुढं एक खिडकी आणि मागं एक दार, म्हणजे उजेड आणि वारा एकाच रेघेत. ती रेघ पूर्ण तोडणारं पार्टिशन लावलं की मागची अर्धी खोली दिवसाही दिवा मागते आणि पावसाळ्यात कुबट होते. अशा ठिकाणी पार्टिशन साडेपाच-सहा फुटांचंच ठेवा, वरची जागा मोकळी सोडा. नाहीतर वरचा दीड-दोन फुटांचा भाग जाळीचा करा.

घडी घातल्यावर ते कुठं राहणार?

सुतारमामा माप घ्यायला आले तेव्हा टेप खिशातून काढायच्या आधी त्यांनी विचारलं, "वहिनी, दिवसभर हे आवरून कुठं ठेवणार ते सांगा, मग माप घेतो." मी गप्पच झाले, कारण तो विचारच केला नव्हता. सगळे जण पार्टिशन उघडल्यावर कसं दिसेल ते बघतात. पण हलवता येणारं पार्टिशन दिवसातला बराच वेळ आवरलेलं असतं, आणि त्याला हक्काची जागा नसेल तर पंधरा दिवसांत ते कायमचं उघडं राहतं किंवा कायमचं माळ्यावर जातं.

चार पॅनलचं घडीचं पार्टिशन मिटवलं तर दीड फूट रुंद आणि पाच-सहा इंच जाड असा गठ्ठा होतो. तो कपाटाच्या आणि भिंतीच्या मधल्या फटीत बसेल का ते बघा. आठ फुटांचा जाड पडदा गोळा केला तरी दीड-दोन फूट भिंत धरतो, आणि तिथं खिडकी किंवा स्विचबोर्ड असेल तर रोजचा त्रास. सरकत्या दाराला तर उघडलेल्या रुंदीएवढीच मोकळी भिंत बाजूला लागते, त्या भिंतीवर ना कपाट, ना कॅलेंडर. चाकांचं कपाट मिटतच नाही, त्याला त्याच्या आकाराएवढी दुसरी जागा लागते.

या जागेवर खडूनं जमिनीवर चौकोन काढा. आणि अजून काही विकत घेऊ नका. आधी दोन खिळ्यांमध्ये सुतळी बांधा, तिच्यावर घरातली सोलापुरी चादर टाका आणि दोन-तीन दिवस तसंच राहा. जाता-येता कुठं अडतंय, पंख्याचा वारा कुणाचा गेला, कॉटवरून उठताना हात कुठं लागतो, सगळं त्या चादरीनं कळतं. आमच्या घरी या चाचणीत रेघ चक्क सव्वा फूट सरकली, कारण वॉकर वळायला जागा पुरत नव्हती. वाटेची रुंदी तीन फूट तरी ठेवा. रात्री-अपरात्री माणूस उचलून न्यायची वेळ आली तर ती वाट मोकळी हवी.

माप घेताना

जुन्या घरांत जमीन सपाट आहे असं धरून चालू नका. सुतारमामांनी आमच्या शहाबादी फरशीवर अर्धा तांब्या पाणी ओतलं आणि आम्ही सगळे उभे राहून बघत होतो. पाणी आधी थांबलं, मग सावकाश दाराकडं निघालं आणि तिसऱ्या फरशीच्या सांध्यात वळून मोरीकडं गेलं. सहा फुटांत पाऊण इंचाचा उतार निघाला. एवढ्या उतारावर उभं केलेलं पार्टिशन कायम एका बाजूला झुकणार. त्यावर उपाय सोपा आहे, पायांना फिरवून उंची कमी-जास्त करता येणारे बूट लावायचे. पण ते बनवतानाच सांगावं लागतं, त्यामुळं पाण्याचा हा प्रयोग आधी करा.

उंची एका ठिकाणी मोजून थांबू नका, दोन्ही टोकांना आणि मधे अशी तीनदा मोजा. स्लॅबमध्येही इंचभर फरक निघतो. छताच्या पंख्याचं साधारण माप ४८ इंच, म्हणजे मधल्या दांड्यापासून चारही बाजूंना दोन फूट पाती फिरते. छतापासून सोडलेला पडदा त्याच्या पलीकडं अजून किमान फूटभर लांब हवा, नाहीतर वाऱ्यानं फुगून पात्यात जायची भीती. आणि जिना मोजायला विसरू नका. पेठेतल्या लाकडी जिन्याच्या वळणावर सहा फुटी अखंड पॅनल अडकून परत गेलेलं मी पाहिलंय.

घडीच्या पार्टिशनची रुंदी ठरवताना एक हिशेब लागतो. ते सरळ रेषेत उभं राहत नाही, नागमोडीच ठेवावं लागतं. १८ इंचांची चार पॅनल म्हणजे कागदावर ७२ इंच. पण दोन पॅनलमधला कोन १२० अंशांचा ठेवला तर ते जेमतेम ६२ इंच झाकतं, आणि काटकोनात ठेवलं तर ५१ इंच. जितकं ताणून सरळ कराल तितकं ते पडायला तयार. माझं पहिलं पार्टिशन त्यामुळेच पडलं. तीन पॅनल होती, जागा मोठी होती आणि मी ते ओढून जवळजवळ सरळ केलं होतं. जागा सहा फुटांची असेल तर पाच पॅनल घ्या.

कोणता प्रकार?

कुठलाही निर्णय होत नसेल तर पडदा लावा. स्वस्त आहे, वजन भिंतीवर किंवा छतावर जातं, पडून कुणाला लागत नाही, धुता येतो. कापडाला आपल्याला लांब जायला नको, शेजारी इचलकरंजीसारखं मागाचं गाव आहे. हिशेब असा की पडद्याच्या पट्टीच्या दुप्पट कापड घ्यायचं, म्हणजे चुण्या पडतात आणि मधे फट राहत नाही. आठ फुटांच्या पट्टीला १९२ इंच रुंदी लागते, कापडाचा पन्हा, म्हणजे रुंदी, ४८ इंचांचा असेल तर चार पट्टे. खालून अर्धा इंच वर ठेवा, जमिनीला टेकलेली कड फरशी पुसताना भिजते आणि काळी पडते. नळीवर रिंगांचा पडदा घातला की मधे आधार देता येत नाही, रिंग तिथं अडकते. म्हणून पाच-सहा फुटांच्या पुढं छताला चॅनल आणि त्यात चाकं असा पडदा बरा. वर पीओपीचं छत असेल तर स्क्रू त्यात धरत नाही, वरच्या स्लॅबपर्यंत फास्टनर जायला हवा. पत्र्याचं किंवा कौलाचं घर असेल तर भिंतीपासून भिंतीपर्यंत किंवा तुळईला नळी बांधा.

पडदा ओढायची दोरी कुणाच्या हाताशी असावी, याचा विचार फार कमी लोक करतात. मला हे सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. ज्या माणसाला आडोसा हवा आहे त्याच्याच बाजूला दोरी हवी. आमच्याकडं ती कॉटच्या कठड्याला बांधली, सासूबाईंचा हात पडल्यापडल्या पोचेल अशी. त्या दिवसापासून त्यांना कुणाला सांगावं लागलं नाही, वाटही बघावी लागली नाही.

घडीचं पार्टिशन रोज वेगळ्या जागी लागत असेल तरच घ्या. वजन त्यात कळीचं. एक इंची चौकोनी लोखंडी पाइप १६ गेजचा (गेज म्हणजे पत्र्याची जाडी, आकडा वाढला की पत्रा पातळ) घेतला तर फुटाला साडेतीनशे ग्रॅमच्या वर जातो. सहा बाय दीड फुटांच्या एका पॅनलच्या चौकटीला मधल्या आडव्या पट्टीसह साडेसोळा फूट पाइप लागतो, म्हणजे सहा किलो. चार पॅनल झाली २४ किलो, तेही अजून कापड न लावता. हे घरातल्या बाईनं रोज उचलायचं आहे. १८ गेज घेतला तर १८-१९ किलोंवर येतं आणि मजबुतीला पुरेसं असतं. प्लायची पॅनल करू नका, १२ मिलीमीटर प्लायचं तेवढंच पॅनल साडेसहा किलोंच्या आसपास जातं आणि वारा पूर्ण अडवतं, त्यामुळं पंख्यापुढं पडण्याचा धोका वाढतो.

मला सगळ्यात आवडलेली रचना नाटकातली. कोल्हापूरला पडदा काही नवा नाही. शाहू महाराजांनी बांधलेलं १९१५ चं पॅलेस थिएटर म्हणजे आजचं केशवराव भोसले नाट्यगृह, आणि सिनेमाकडं वळण्याआधी बाबूराव पेंटर नाटकांचे पडदेच रंगवत होते. रंगमंचावर घराची भिंत म्हणून जो फ्लॅट उभा करतात तो म्हणजे हलक्या लाकडाची चौकट, त्यावर ताणून ठोकलेलं कापड आणि मागून तिरका टेकू. एका हातानं उचलता येतो. घरासाठी तसंच करा, दोन बाय एक इंचाच्या लाकडी पट्ट्यांची चौकट, कापड खिळ्यांऐवजी वरखाली नळीत ओवलेलं, म्हणजे काढून धुता येईल. बिजागऱ्या दोन्हीकडं वळणाऱ्या मागा, एका पॅनलला तीन. कडेच्या पॅनलला एक आडवा पाय लावला की नागमोडी कमी ठेवली तरी चालतं. घरात लहान मूल असेल तर बिजागरीच्या फटीवर कापडी पट्टी लावा, बोट तिथंच चेमटतं.

बांबूच्या तट्ट्या आणि चिकाचे, म्हणजे बांबूच्या बारीक काड्यांचे, पडदे आपल्याकडं पूर्वापार आहेत, बुरूड कारागीर अजूनही मापानं विणून देतात. वारा खेळता राहतो, उजेड गाळून येतो, वजन अगदी कमी. पण बांबूला भुंगा लागतो, पिवळसर पीठ खाली पडायला लागलं की समजायचं. बोरॅक्स आणि बोरिक अॅसिडच्या पाण्यात मुरवलेला बांबू घ्या, आणि विणीतून दिसतं म्हणून कपडे बदलायच्या जागी मागून कापड शिवून घ्या.

सरकतं दार वरच्या पट्टीला लटकणारं घ्या, खाली खाच असलेली पट्टी नको. त्यात केर साठतो आणि म्हाताऱ्या माणसाचा पाय अडतो. पीव्हीसीचं घडीचं दार बाथरूमच्या तोंडाला ठीक, मोठ्या खोलीला मला पटत नाही, सांधे लवकर सैल होतात.

चाकांचं पुस्तकांचं कपाट अभ्यासाच्या जागेला छान. मात्र पुस्तकांचं वजन फसवं असतं, एका फुटाच्या फळीवर आठ-दहा किलो सहज होतात. जड पुस्तकं खाली, उंची पाच फुटांच्या आत, चारही चाकांना ब्रेक. मुलं चढणार हे धरूनच चाला आणि एरवी ते भिंतीला साखळीनं अडकवा.

पावसाळा आणि पूर

आपल्या हवेत जून ते सप्टेंबर लाकूड फुगतं. भुश्याच्या बोर्डाचं किंवा एमडीएफचं पार्टिशन स्वस्त दिसतं, पण फरशी पुसताना खालची कड दोन पावसाळ्यांत पावासारखी फुलते. प्लाय घ्यायचाच तर त्यावरचा शिक्का वाचा. एमआर म्हणजे नुसता दमटपणा सोसणारा आणि बीडब्ल्यूआर म्हणजे उकळत्या पाण्यालाही दाद न देणारा, त्यातला बीडब्ल्यूआर ओल सोसतो. आयएस ७१० या भारतीय मानकाचा शिक्का म्हणजे मरीन प्लाय, तो आणखी टिकतो. लोखंडाला पावडर कोटिंग करा आणि तळाला रबरी बूट लावा.

दुधाळी, शाहूपुरीचा सखल भाग अशा ठिकाणी राहणाऱ्यांनी २०१९ आणि २०२१ चा पूर आठवावा. तिथं भिंतीला पक्कं जोडलेलं काही करूच नये. हातानं निघणारा पडदा किंवा बिजागरीच्या पिना उपसून वेगळी होणारी पॅनल, एवढंच. पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांच्या इशारा पातळीला आली की सामान वर न्यायला लागतो, तेव्हा दोन माणसांत दहा मिनिटांत निघेल असं पार्टिशन हवं.

करून घेताना

लोखंडी चौकटीला उद्यमनगर, म्हणजे आपला कारखान्यांचा भाग, आहेच. जाताना तोंडी सांगू नका, वहीच्या पानावर चित्र काढून न्या. उंची, रुंदी, पाइपचा गेज, चाकं की बूट, बिजागरी कुठल्या बाजूला उघडणार, सगळं लिहा. भाव चौरस फुटावर आहे, रनिंग फुटावर (नुसत्या लांबीवर) की किलोवर, आणि त्यात रंग, बिजागऱ्या, पोच धरली आहे का, हे आधी विचारा. रंग द्यायच्या आधी एकदा जाऊन सांगाडा उभा करून बघा. शेडमधल्या सपाट जमिनीवर तोल कळतो, आणि तेव्हा पाय बदलणं सोपं असतं.

भाड्याच्या घरात किंवा कॉट बेसिसच्या खोलीत भिंतीला भोक पाडायच्या आधी घरमालकांना विचाराच, डिपॉझिटच्या वेळी वाद नको. तिथं जमिनीपासून छतापर्यंत दाबून बसणारा स्प्रिंगचा दांडा किंवा लोखंडी कॉटच्याच चार कोपऱ्यांना पाइप बांधून त्यावर पडदा, हे पुरतं. राजारामपुरीतल्या एका खोलीत तीन मुलींनी असे तीन पडदे लावलेले मी पाहिले, प्रत्येकीच्या पडद्यात तिचा स्वतःचा टेबललॅम्प.

पार्टिशन लागलं की पहिले आठ दिवस लक्ष ठेवा. देवघरातली समई-निरंजन, डासांची कॉइल, इस्त्री यांपासून कापड तीन फूट तरी लांब असू द्या. मीटर आणि मेन स्विच त्याच्या मागं गेलेले नसावेत. आजारी माणूस पलीकडं असेल तर त्याच्या हाताशी एक घंटी ठेवा, कारण आडोसा झाला की आपली नजर जाणं बंद होतं. चॅनलच्या चाकांना तेल लावू नका, त्यावर धूळ चिकटते. कोरड्या मेणबत्तीचा तुकडा पट्टीत फिरवला की पडदा पुन्हा सुळकन सरकतो. बिजागऱ्यांचे स्क्रू दिवाळीच्या साफसफाईत एकदा आवळा, पावसाळ्यात फुगलेलं लाकूड तोवर बसलेलं असतं.